मालिका बघता बघता इंग्रजी

(पूर्णगड परिसरातल्या महिला बचत गटांसाठी सामुदायिक रेडिओवरून दिलेलं भाषण)

हातातलं काम चालू ठेवा. कोळंबी सोलता सोलता, पापड लाटता लाटता ऐकलंत तरी चालेल. आज वही-पेन लागणार नाही.

आजचा विषय आहे इंग्रजी बोलण्याचा. पूर्णगड, गावखडी, पावस, गणेशगुळे या पट्ट्यात गटाची बैठक असली की हा विषय कुणीतरी काढतंच. सुट्टीच्या दिवशी आपल्या किल्ल्यावर गाड्या येतात. मुचकुंदी नदी समुद्राला मिळते ते ठिकाण वरून बघून माणसं खाली उतरतात. त्यांना चहा हवा असतो, माशाचं जेवण हवं असतं, कोकम आणि आंबापोळी हवी असते. हंगामात हापूसच्या पेटीसाठी बंगळूर-हैदराबादहून फोन येतो. समोरचा माणूस इंग्रजीत सुरू झाला की आपण काय करतो? फोन मुलाच्या हातात देतो. मुलगा घरी नसला की फोन ठेवून देतो. मग ते गिऱ्हाईक जातं दलालाकडं. बाग आपली, पेटी आपण भरलेली, पण भाव ठरवतो तो. म्हणजे दोन वाक्यं बोलता आली नाहीत, त्याची किंमत आपण दर हंगामात मोजतो.

आपण म्हणतो, "आम्हाला कुठं इंग्रजी येतं?" पण सकाळपासून मोजा बरं. गॅस, कुकर, मिक्सर, लाइट, मोबाइल, चार्जर, बस, तिकीट, डॉक्टर, इंजेक्शन, फॉर्म, झेरॉक्स, लोन, मीटिंग. शाळेत न गेलेल्या आजीलाही हे शब्द येतात. कुणी शिकवले? कुणीच नाही. वस्तू घरात आली, तिच्याबरोबर शब्दही आला. ही काही आजची गोष्ट नाही. बटाटा, साबण, चावी, पगार, काजू हे शब्द पोर्तुगीजांकडून आले आणि आपल्या स्वयंपाकघरात असे मुरले, की आता कुणाला परके वाटत नाहीत. आपल्या हापूसचं नावसुद्धा आफोन्सो या पोर्तुगीज नावावरून आलं. आणि देणं एकाच बाजूचं नाही हं. इंग्रज मुंगसाला 'मंगूस' म्हणतो, तो शब्द आपल्या मराठीतूनच तिकडं गेला.

मग शब्द आहेत, तर अडतं कुठं? अडतं ते बोलण्याच्या रीतीपाशी. कोण आधी बोलतं, कसं विचारतं, उत्तर काय द्यायचं, हे ठाऊक नसतं. आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाचवीत पहिल्यांदा एबीसीडी बघितली, कारण महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. पाचवीनंतर आपण काय शिकलो? स्पेलिंग पाठ केली, धड्याखालचे प्रश्न सोडवले. पण दारात पाहुणा आला तर त्याला काय म्हणायचं, ते कुठल्या धड्यात नव्हतं.

तुमच्यापैकी अनेकींनी 'इंग्लिश विंग्लिश' हा २०१२ सालचा सिनेमा टीव्हीवर बघितला असेल. पुण्यात वाढलेल्या गौरी शिंदे यांनी तो केला. त्यांची आई घरून लोणच्यांचा व्यवसाय करायची, तिच्यावरून त्यांना ही गोष्ट सुचली. सिनेमात श्रीदेवीनं शशी गोडबोलेचं काम केलं आहे. शशी उत्तम लाडू करते, ते विकते, घर चालवते, पण इंग्रजी येत नाही म्हणून नवरा आणि मुलगी तिला हसतात. न्यूयॉर्कमध्ये ती एका कॉफीच्या दुकानात जाते, तो प्रसंग आठवा. 'कॉफी' शब्द तिला येतो. 'वॉटर' येतो. तरी तिची फजिती होते, डोळ्यांत पाणी येतं. का? कारण काउंटरवरची बाई भराभर प्रश्न विचारते, कॉफी कुठली हवी, पाणी कुठलं हवं. तिथली कॉफी मागायची रीत शशीला माहीत नसते, आणि "जरा सावकाश सांगा" हे वाक्यही येत नसतं. पुढं ती चार आठवड्यांच्या वर्गाला जाते. तिथं तिच्या बाकाशेजारी मेक्सिकोची बाई, फ्रान्सचा आचारी, पाकिस्तानचा टॅक्सीवाला असे सगळे बसलेले असतात. म्हणजे इंग्रजी न येणारे आपण एकटेच नाही. जग भरलं आहे अशा माणसांनी.

म्हणून आजपासून सगळ्यात आधी एकच वाक्य पाठ करा. "प्लीज से इट अगेन, स्लोली." म्हणजे, कृपा करून पुन्हा सांगा, सावकाश. हे वाक्य येत असेल तर फोन ठेवून द्यायची पाळी येत नाही. समोरचा थांबतो. सोपे शब्द वापरतो. आणि मान खाली घालायची गरज उरत नाही, कारण आपण अडाणी आहोत असं आपण म्हटलेलं नसतं. आपण त्याला फक्त सावकाश बोलायला सांगितलेलं असतं.

आता रीतभात बघू. मराठीत आपण आदर कुठं ठेवतो? 'तू' आणि 'तुम्ही' मध्ये. 'दे' आणि 'देता का जरा' मध्ये. काकू, वहिनी, मावशी अशी हाक मारण्यात. इंग्रजीत लहानाला आणि थोराला एकच 'यू'. मग तिथला आदर कुठं जातो? तो जातो 'प्लीज' मध्ये, 'कुड यू' मध्ये. "गिव्ह मी वॉटर" म्हटलं की ते "पाणी दे" असं ऐकू येतं, हुकूम सोडल्यासारखं. "कुड आय हॅव सम वॉटर, प्लीज?" म्हटलं की "जरा पाणी देता का?" होतं. आपलं 'जरा' म्हणजे त्यांचं 'प्लीज', इतकं लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ झालं.

'थँक्यू' चं बघा. सासूबाईंनी ताट वाढलं आणि आपण "आभारी आहे" म्हटलं, तर त्या विचारतील, "काय गो, मी परकी का?" आपल्याकडं घरच्या माणसाचे आभार मानत नाहीत. इंग्रजीत मात्र मीठ पुढं केलं तरी 'थँक्यू'. त्यात परकेपणा नाही, ती त्यांची सवय आहे. तसंच 'सॉरी'. कुणाला पाय लागला की आपला हात आपोआप नमस्काराला जातो. आपण जे हातानं करतो, ते इंग्रजी माणूस तोंडानं करतो. आपण घरातून निघताना "जाते" म्हणत नाही, "येते" म्हणतो. इंग्रजीतलं "सी यू" म्हणजे "पुन्हा भेटू", त्यातही तोच भाव आहे.

काही ठिकाणी मात्र फरक सांभाळावा लागतो. आपण अनोळखी बाईला लगेच विचारतो, कुठल्या गावच्या, मुलं किती, लग्न झालं का? आपल्याकडं ती आपुलकी. बाहेरच्या पाहुण्याला ती चौकशी वाटू शकते. तिथं सुरुवात हवापाण्यानं करावी. "व्हेरी हॉट टुडे, नो?" म्हटलंत की बोलणं सुरू झालं. "हाऊ आर यू?" विचारलं तर गुडघेदुखी सांगायची नाही. "फाइन, थँक्यू. अँड यू?" बस्स. आणि धंद्यात भिडस्तपणा नको. आपण संकोचानं म्हणतो, "द्या काय द्यायचं ते." त्यापेक्षा भाव आधी सांगावा, आकडा स्पष्ट सांगावा, आणि पुढं 'सर' किंवा 'मॅडम' जोडावं. आकड्यानं कुणी दुखावत नाही. उलट जेवून झाल्यावर आकडा कळला तर माणूस दुखावतो.

आता ही रीत शिकायची कुठं? रोज संध्याकाळी समोर चालू असते तिथं, टीव्हीवर किंवा मोबाइलवर. बांगलादेशात २००९ मध्ये बीबीसीनं 'जानाला' नावाचा उपक्रम सुरू केला. जानाला म्हणजे खिडकी. मोबाइलवर एक नंबर फिरवला की साधारण तीन मिनिटांचा इंग्रजीचा धडा ऐकायला मिळायचा. त्याच्या जोडीला इंग्रजी शिकवण्यासाठी 'बिश्वास' नावाची टीव्ही मालिकाच काढली. गोष्टीत जीव अडकला की माणूस कान देऊन ऐकतो, हे त्यांनी ओळखलं होतं. आपल्याकडं अहमदाबादच्या आयआयएममधले प्राध्यापक ब्रिज कोठारी यांनी अशीच एक गोष्ट मांडली. गाण्याचे बोल त्याच भाषेत पडद्यावर खाली दाखवा, लोकांचं वाचन आपोआप सुधारेल. दूरदर्शनवर 'चित्रहार' आणि 'रंगोली' मधल्या गाण्यांखाली हिंदी ओळी येऊ लागल्या, त्यामागं हा विचार होता. इंग्रजी कार्यक्रम बघताना तुम्हीही खाली इंग्रजी अक्षरं लावा. कान ऐकतो आणि डोळा वाचतो, दोघं एकमेकांना सांभाळून घेतात.

बघायचं कसं, ते सांगते. पूर्ण सिनेमा घेऊ नका. पाच मिनिटांचा एकच प्रसंग घ्या आणि तीनदा बघा. पहिल्यांदा आवाज बंद ठेवून. कोण कुणाकडं आलंय, राग आहे की लाज, हे चेहऱ्यावरून ओळखा. दुसऱ्यांदा आवाज लावून. तिसऱ्यांदा परत आवाज बंद, आणि आता बोलायचं आपण. एकीनं पाहुणी व्हायचं, दुसरीनं घरची. हसू येईल, येऊ दे. हसत शिकलेलं विसरत नाही. प्रसंग चारच निवडा. दारात आलेला पाहुणा, जेवणाची पंगत, दुकान आणि फोन. आपलं नव्वद टक्के काम या चारांत भागतं.

नातवंडांचं 'पेप्पा पिग' हे कार्टून यासाठी छान आहे. एक भाग साधारण पाच मिनिटांचा. आई-बाबा, आजी-आजोबा, पाऊस, चिखल, शाळा, अशा घरगुती गोष्टी आणि छोटी वाक्यं. नातवाबरोबर बसा, तोही खूश आणि तुमचाही अभ्यास.

एक सावधगिरी मात्र हवी. मालिकेतलं सगळंच उचलायचं नसतं. आपल्या मराठी मालिकांतली सून रात्री झोपतानाही भरजरी साडी नेसलेली असते. ती बघून परक्या माणसानं आपली रीत शिकली तर काय म्हणेल तो? तसंच इंग्रजी मालिकांतलं 'शट अप', 'गेट आउट' हे तिथंच राहू दे. भांडणाची भाषा लवकर पाठ होते, पण गिऱ्हाईक तिनं टिकत नाही.

इंग्रजी अशी घरगुती गोष्टींतून शिकता येते, याचं मोठं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. डॉ. आनंदीबाई जोशी. अमेरिकेत न्यू जर्सीला राहणाऱ्या श्रीमती कार्पेंटर यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता. त्या पत्रांत इकडच्या चालीरीती आणि बायकांचे प्रश्न असत. त्या परक्या बाईंना आनंदीबाई मावशी मानू लागल्या. १८८३ साली, अठरावं वर्ष चालू असताना, त्यांनी बंगालमधल्या श्रीरामपूरला भरसभेत इंग्रजीतून भाषण केलं आणि आपण अमेरिकेला का जाणार ते सांगितलं. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. त्यांच्याजवळ टीव्ही नव्हता, मोबाइल नव्हता. बोलण्यासारखं काहीतरी होतं आणि ऐकणारं माणूस होतं.

शेवटी एक महत्त्वाचं. इंग्रजी शिकायचं, पण मराठीचा हक्क सोडायचा नाही. बँकेत खातं उघडायचा अर्ज, पैसे भरायची स्लिप, पासबुक, यांवर इंग्रजी-हिंदीबरोबर इथली भाषाही असावी, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. गटाच्या कर्जाचा कागद नुसता इंग्रजीत पुढं आला, तर सही करण्याआधी म्हणा, "प्लीज एक्सप्लेन इन मराठी." ज्या दिवशी हे वाक्य तुम्ही न घाबरता म्हणाल, त्या दिवशी तुम्हाला इंग्रजी आलं असं मी समजेन. कारण न कळलेल्या कागदाला मान हलवणारी बाई कुठल्याच भाषेत बोललेली नसते.

तर पुढच्या बैठकीसाठी काम ठरलं. वर्गणी गोळा झाली की दहा मिनिटं काढायची. एकीनं गिऱ्हाईक व्हायचं, एकीनं विकणारी, आणि हापूसची पेटी इंग्रजीत विकायची. बाकीच्यांनी भाव पाडून मागायचा, अजिबात दया दाखवायची नाही. अडलात तर वाक्य आहेच, "प्लीज से इट अगेन, स्लोली." पुढचा फोन वाजेल तेव्हा तो मुलाकडं न देता स्वतः घ्या. आणि काय झालं, ते आम्हाला नक्की कळवा.

येते हं. नमस्कार.