परिचारिका कोणाला म्हणावे?



या व्यासपीठावर आजवर मोठमोठे विद्वान बोलून गेले. मी विद्वान नव्हे. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे शिक्षण युनियनच्या कचेरीत झाले. कायद्याची पुस्तके पुढ्यात घ्यायची आणि शब्द अडला की ओळखीच्या वकिलाचे दार ठोठवायचे, अशा रीतीने. त्या शिक्षणातून मी एक धडा घेतला, तो आधी सांगतो. कोणत्याही कायद्याच्या आरंभी दोन-तीन पाने व्याख्यांची असतात. ती रूक्ष असतात, म्हणून वाचणारा ती उलटून पुढे जातो. गरीब माणसाचे नशीब मात्र पुष्कळदा त्या पानांतच लिहिलेले असते.

हे सोलापूरला निराळे समजावून सांगायला नको. आपल्या गावात घरोघर विड्या वळणाऱ्या बाया आहेत. पान, तंबाखू आणि सूत घरी आणायचे, उंबऱ्यात बसून विड्या वळायच्या आणि मोजून द्यायच्या. मालक म्हणे, ‘ती तिच्या घरी बसते, ती माझी नोकर कशी?’ १९६६ साली विडी-सिगार कामगारांचा कायदा झाला आणि त्याच्या व्याख्येत घरी बसून काम करणारीलाही कामगार म्हटले गेले. मालक सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७४ साली न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. बाईचे काम तसूभरही बदलले नव्हते. बदलली ती व्याख्या. पण तिच्यामुळे त्या बाईला रजा, हक्क आणि दाद मागण्याची जागा मिळाली.

त्याच १९६६ साली महाराष्ट्रात आणखी एक कायदा झाला, तो महाराष्ट्र परिचारिका अधिनियम. आजचा माझा विषय तो आहे. आपण आजारी पडतो तेव्हा डॉक्टर दिवसातून दोनदा येऊन जातात. उरलेले सारे तास आपला जीव ज्या हातांत असतो ते हात कोणाचे, त्यांना काय येते, आणि त्यांना परिचारिका म्हणण्याचा अधिकार कोणी दिला, हा प्रश्न खाटेवर निजलेल्या प्रत्येकाचा आहे. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस आपल्या गावचे, त्यांचे नाव येथे लहान मुलालाही ठाऊक आहे; त्यांच्या पत्नी गुओ चिंगलान परिचर्या शिकवीत असत, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. परिचारिकेच्या वाट्याला बहुधा असेच येते.

थोडा इतिहास पाहू. परिचारिकांची सरकारी नोंदवही ठेवावी की नाही, यावर इंग्लंडात तीस वर्षे वाद चालला. आश्चर्य असे की फ्लॉरेन्स नाइटिंगेल या स्वतः नोंदणीच्या विरुद्ध होत्या. परीक्षेने बुद्धी मोजता येईल, पण शील, दया आणि जागरूकता कशी मोजणार, असा त्यांचा आक्षेप होता. दुसऱ्या बाजूला बेडफर्ड फेनविक या बाईंचे म्हणणे असे की, ज्या धंद्याला नोंदवही नाही त्यात कोणीही शिरते, आणि शिकलेलीचे मोलही न शिकलेलीच्या भावाने ठरते. न्यूझीलंडने १९०१ साली कायदा केला. इंग्लंडचा कायदा १९१९ साली झाला, आणि तेथील नोंदवहीत पहिले नाव फेनविकबाईंचेच लागले.

पण या जुन्या कायद्यांत एक मेख होती. नोंद नसताना ‘मी नोंदणीकृत परिचारिका आहे’ असे म्हणण्यास बंदी होती; काम करण्यास बंदी नव्हती. पाटीला संरक्षण, कामाला नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने १९३८ साली पुढचे पाऊल टाकले: परवान्याशिवाय मोबदला घेऊन परिचर्येचे काम करताच येणार नाही, असा कायदा केला. आणि काम अडवायचे म्हटले की काम म्हणजे काय हे सांगणे भाग पडते. म्हणून तेथे परिचर्येच्या व्याख्येवर पुढे फार विचार झाला. १९७२ साली त्याच राज्याने म्हटले की, रोगाने माणसाच्या जगण्यावर जे परिणाम होतात त्यांचे निदान करणे आणि त्यांवर उपाय करणे हे परिचारिकेचे काम. म्हणजे रोग ओळखणे डॉक्टरचे. पण रोगी घाबरला आहे, त्याला गिळता येत नाही, त्याची पाठ सोलवटते आहे, हे ओळखणे आणि त्यावर इलाज करणे परिचारिकेचे. ती नुसती हुकमाची ताबेदार नव्हे, हे कायद्याने मान्य केले.

आपल्याकडे मद्रास इलाख्याने १९२६ साली पहिला कायदा केला. मुंबई इलाख्याचा कायदा १९३५चा, त्यानंतर १९५४चा, आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर निरनिराळ्या भागांतले कायदे एकत्र करून १९६६चा. सबंध देशासाठी भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ साली आला. सर्वांचा सांगाडा एकच: मान्य संस्थेत शिक्षण, परीक्षा, नोंदवहीत नाव, आणि गैरवर्तन केल्यास नाव काढण्याचा परिषदेला अधिकार. आता गंमत पाहा. १९४७च्या कायद्याच्या व्याख्येच्या कलमात परिषद म्हणजे काय, राज्याची नोंदवही म्हणजे काय, हे सांगितले आहे; परिचारिका म्हणजे कोण आणि परिचर्या म्हणजे काय, हे सांगितलेले नाही. नोंदवही आहे, पण जिची नोंद करायची तिच्या कामाची सीमा आखलेली नाही.

त्याचा परिणाम काय होतो? आमच्या कचेरीत एकदा एक मुलगी आली. दहावी झालेली, बाप यंत्रमागावर कामाला. एका खासगी रुग्णालयात, त्याचे नाव मी घेत नाही, ती सात वर्षे काम करीत होती. सलाईन लावी, इंजेक्शन देई, रात्रपाळीला मजल्यावर एकटीच असे. रोगी आणि नातेवाईक तिला सिस्टर म्हणत. एका रात्री इंजेक्शननंतर एका म्हाताऱ्याला थंडी भरली, जीव घाबरा झाला. म्हातारा सुदैवाने वाचला. पण दुसऱ्या दिवशी मालकांनी हजेरीपट काढून दाखवला. त्यात तिच्या नावापुढे ‘मदतनीस’ असे लिहिलेले होते. ‘हिला इंजेक्शन द्यायला सांगितलेच कोणी?’ असे म्हणून त्यांनी हात झटकले. पगाराच्या दिवशी मदतनीस, खाटेपाशी सिस्टर, आणि चौकशीच्या दिवशी पुन्हा मदतनीस! नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात, त्यातला प्रकार.

आता या गोष्टीत लबाड कोण? ती मुलगी? तिला काम हवे होते. म्हाताऱ्याचे नातेवाईक? त्यांनी पांढरा पोशाख पाहिला आणि विश्वास टाकला. लबाडी ज्याने स्वस्त हात महाग नावाने विकले त्याची. आणि कायदा नव्हता असेही नाही. शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा १९४९ सालचा आहे. रोग्यांच्या शुश्रूषेसाठी नेमलेल्या माणसांत अर्हताप्राप्त परिचारिकांचे योग्य प्रमाण नसेल, तर त्या संस्थेची नोंदणी नाकारता येते, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. आणि अर्हताप्राप्त म्हणजे परिचारिकांच्या कायद्याखाली जिची नोंद आहे ती. हत्यार पंचाहत्तर वर्षे खुंटीला आहे, काढणारा हात हवा.

आता दुसऱ्या व्याख्येकडे येतो. ती माझ्या धंद्यातली आहे. परिचारिका किंवा वॉर्डातली आया ही कामगार आहे काय? रुग्णालय हा उद्योग आहे काय? हा प्रश्न आपल्याच राज्यातून सर्वोच्च न्यायालयात गेला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालय समूहातील दोन बायांना नुकसानभरपाई न देता कामावरून कमी केले. हॉस्पिटल मजदूर सभेने फिर्याद लावली. सरकार म्हणाले, रुग्णालयात सेवा असते, नफा नसतो, म्हणून तो उद्योग नव्हे. १९६० साली न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी निकाल दिला की, लोकांना सेवा पुरविण्यासाठी नोकर लावून पद्धतशीरपणे चालवलेले काम उद्योगात मोडते. नफ्याचा प्रश्न येत नाही. १९७० साली त्याच न्यायालयाने सफदरजंग रुग्णालयाच्या खटल्यात हा निकाल फिरवला. १९७८ साली बंगळूर पाणीपुरवठ्याच्या खटल्यात सात न्यायाधीशांनी तो पुन्हा सरळ केला. १९८२ साली संसदेने रुग्णालये वगळणारी दुरुस्ती केली, पण ती कधी अमलातच आणली नाही. आणि २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेत धर्मादाय व समाजसेवी संस्थांनी चालवलेल्या संस्था उद्योगाच्या व्याख्येबाहेर ठेवल्या आहेत.

बंधुभगिनींनो, तीच खाट, तोच रोगी, तीच बाई. १९६० साली ती कामगार, १९७० साली नाही, १९७८ साली पुन्हा कामगार! बेडपॅन उचलताना तिला या फरकाची जाणीव कशी व्हावी? सेवा हा शब्द पवित्र आहे खरा. पण सेवा पवित्र म्हणून सेविकेने उपाशी राहावे, हा न्याय मला कधी उमगला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ सालच्या आदेशावरून केंद्र सरकारने समिती नेमली. तिने शिफारस केली की, दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात परिचारिकेला सरकारी परिचारिकेइतके वेतन असावे, आणि पन्नासहून कमी खाटांच्या ठिकाणीही वीस हजारांखाली असू नये. शिफारस म्हणजे कायदा नव्हे. येथे बसलेल्या परिचारिका भगिनींनी आपापल्या हातात काय पडते ते मनातल्या मनात ताडून पाहावे.

मग आमची मागणी काय? काही मित्र मला म्हणतात, ‘तुम्ही युनियनवाले दोन तोंडांनी बोलता. एकीकडे नोंद नसलेलीला इंजेक्शन देऊ नका म्हणता, दुसरीकडे तिचीच नोकरी वाचवायला येता.’ आक्षेप वरवर बरोबर दिसतो. म्हणून माझे मत नेमके मांडतो. नोंदणीची व्याख्या अरुंद असावी आणि कामगाराची व्याख्या रुंद असावी. परिचारिका हे नाव फक्त तिलाच, जी शिकली आणि जिची नोंद आहे. कारण तेथे रोग्याचा जीव आहे. पण वेतन, रजा, कामाचे तास आणि संरक्षण मात्र रुग्णालयात राबणाऱ्या प्रत्येकाला, मग ती अधिसेविका असो, मावशी असो की वॉर्डबॉय. कारण तेथे पोटाचा प्रश्न आहे. पहिली व्याख्या सैल केली तर रोगी मरतो. दुसरी आवळली तर कामगार मरतो. आज नेमके उलटे चालले आहे.

आणि ज्या मुली आजवर बिननोंदीच्या राबल्या त्यांचे काय? त्यांना हाकलणे हा उपाय नव्हे. इंग्लंडने १९१९ साली नोंदवही उघडली तेव्हा आधीपासून काम करणाऱ्या अनुभवी स्त्रियांना मुदत देऊन आत घेतले. १९४३ साली ‘नर्स’ हे नाव राखून ठेवले, तेव्हा साहाय्यकांसाठी निराळी नोंदवही उघडली. आपल्याकडेही साहाय्यक परिचारिका प्रसाविकेचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, त्यावर तीन वर्षांचा सामान्य परिचर्येचा आणि चार वर्षांचा पदवीचा. जिना आहे. पण पहिल्या पायरीपर्यंत पोचायला फी आणि दोन वर्षांचा बुडालेला पगार लागतो. ज्या मालकांनी त्या मुलींकडून वर्षानुवर्षे परिचारिकेचे काम करून घेतले, त्यांनीच तो खर्च उचलावा.

२०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा केला. राष्ट्रीय व राज्य नोंदवहीत नाव नसताना अर्हताप्राप्त म्हणून व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. शिक्षा कडक आहे, तिचे मी स्वागत करतो. भीती एवढीच की, बेडी पडेल ती मदतनीस मुलीच्या हातात, आणि तिला पांढरा पोशाख चढवणारा मोकळा राहील. तसे होऊ न देणे हे आपल्या सर्वांचे काम आहे.

नाइटिंगेलबाईंच्या आक्षेपाला उत्तर द्यायचे राहिले. दया मोजता येत नाही, हे खरे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ साली झालेल्या हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत त्याच रुग्णालयात पडून होत्या. बेचाळीस वर्षे तेथल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना न्हाऊ-माखू घातले, भरवले, कूस बदलून दिली. त्यांच्या दयामरणाच्या अर्जावर २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तेव्हा त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न निघाला. न्यायालयाने सांगितले की, इतकी वर्षे सांभाळणारे रुग्णालयाचे सेवकवर्गच त्यांचे खरे जवळचे. कोणत्याही नोंदणीच्या कायद्यात ही व्याख्या सापडणार नाही. पण म्हणून नोंदवही व्यर्थ ठरत नाही. दया परिचारिकेने आणायची. तिला ज्ञान, वेळ आणि पोटभर पगार मिळेल एवढे कायद्याने पाहायचे.

तेव्हा आपण येथून घरी जाल, आणि पुढेमागे कोणाला रुग्णालयात ठेवण्याची वेळ येईल, तेव्हा एक गोष्ट करा. रात्रपाळीला नोंदणीकृत परिचारिका किती, हे व्यवस्थापकांना नम्रपणे पण स्पष्ट विचारा. त्या मुलीला दरडावून विचारू नका, मालकांना विचारा. सोलापूर आणि कर्नाटकाची हद्द जवळ. विजापूर, कलबुर्गीकडून शिकून आलेल्या भगिनींनाही येथे राज्याच्या परिषदेत नोंद करावी लागते, त्यांना ते काम लवकर करून घेण्यास मदत करा. हा प्रश्न दहा घरांतून विचारला गेला तर मालक ऐकेल, आणि शंभर घरांतून विचारला गेला तर सरकार ऐकेल.