श्रुतरक्षा आणि संगणकीय नोंदी
(सुवर्णमहोत्सवानिमित्त एकलहरे येथे झालेल्या व्याख्यानाचे संक्षिप्त शब्दांकन)



नाशिक-त्र्यंबकेश्वर मार्गावर अंजनेरीच्या पायथ्याशी प्राचीन मंदिरांचे भग्नावशेष आहेत. त्यांतील एका जैन मंदिरात शके १०६३ (इ. स. ११४१-४२) चा शिलालेख आहे. यादव राजा सेउणचंद्र याच्या काळात चंद्रप्रभ भगवंतांच्या मंदिरास दुकाने दान दिल्याची नोंद त्यात आढळते. दान काय, कोणास व केव्हा, हे कोरून ठेवले म्हणूनच ते आज कळते.

आता अशा अवशेषांची छायाचित्रे, मोजमापे व त्रिमितीय प्रतिकृती संगणकात साठविल्या जातात. मात्र पाषाणाचे दीर्घायुष्य त्यांना नाही. फ्लॉपीवरील नोंदी वाचण्यासाठी आज यंत्र शोधावे लागते. उत्खननाच्या बाबतीत तर ही हानी कायमची ठरते, कारण एकदा काढलेला मातीचा थर पुन्हा रचता येत नाही. त्याची नोंद हेच त्याचे उरलेले अस्तित्व होय. डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये नाशिक येथे उत्खनन केले. त्याचा सविस्तर अहवाल डेक्कन कॉलेजने १९५५ मध्ये प्रसिद्ध केला, म्हणून ते ज्ञान आजच्या अभ्यासकालाही उपलब्ध आहे.

म्हणूनच संशोधनासाठी अनुदान मागतानाच नोंदींच्या जतनाची योजना द्यावी, असा दंडक जगात रूढ होत गेला. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने २०११ पासून अर्जासोबत अशी योजना आवश्यक केली. इंग्लंडमध्ये यॉर्क येथे पुरातत्त्वीय नोंदींसाठी १९९६ मध्येच स्वतंत्र संग्रह स्थापन झाला.

या योजनेत काय असावे? कोणत्या प्रकारच्या व साधारण किती नोंदी होणार, हे प्रथम लिहावे. मूळ छायाचित्रे टिफसारख्या आणि तक्ते सीएसव्हीसारख्या, एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरवर अवलंबून नसलेल्या स्वरूपात ठेवावेत. प्रत्येक छायाचित्रासोबत स्थळ, दिनांक, छायाचित्रकार व मोजपट्टी यांची माहिती असावी. त्याविना ते केवळ एक चित्र उरते. तीन प्रती, दोन भिन्न माध्यमे आणि एक प्रत अन्य गावी, हा नियम पाळावा. प्रकल्प संपल्यावर संग्रह कोणत्या संस्थेकडे जाईल, हे तिची लेखी संमती घेऊन नमूद करावे. असुरक्षित मूर्तींचे नेमके ठिकाण सर्वांसाठी खुले करू नये, अन्यथा चोरांना वाट दाखविल्यासारखे होईल. आणि या साऱ्याचा खर्च अंदाजपत्रकातच मांडावा. अनुदान संपल्यावर त्यासाठी कोणी पैसे देत नाही.

जैन समाजास हा विचार नवा नाही. ज्ञानपंचमी व श्रुतपंचमीस ग्रंथांची पूजा होते, ग्रंथ काढून त्यांची झाडपूसही होते. षट्खंडागमावरील धवला टीकेच्या ताडपत्री प्रती शतकानुशतके मूडबिद्री येथे जपल्या गेल्या. पण दीर्घकाळ त्या तेथेच राहिल्याने अभ्यासकांना दुर्लभ होत्या. पुढे नकला झाल्या आणि १९३९ पासून डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली अमरावतीहून मुद्रण सुरू झाले, तेव्हा ते श्रुत सर्वांपर्यंत पोहोचले. जतन आणि प्रसार, दोन्ही साधले तरच श्रुतरक्षा पूर्ण होते.

समाजातील तरुण अभ्यासकांनी अर्ज लिहिताना हे ध्यानी ठेवावे. आणि दानशूरांनीही केवळ छायाचित्रणासाठी नव्हे, तर त्याच्या जतनासाठीही दान द्यावे. जय जिनेंद्र!