विसर्जनानंतरचा हिशेब

(एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



रसायनशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. मी कला शाखेचा पदवीधर, व्यवसायाने पत्रकार. परंतु गणेशोत्सवाचे वार्तांकन करता करता अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे नदीकाठी जाण्याची सवय लागली. आदल्या सायंकाळी ज्याला आपण साश्रू नयनांनी निरोप दिला, तोच गणराया तेथे भग्नावस्थेत गाळात पडलेला असतो. ते दृश्य मला या विषयाकडे घेऊन आले.

जिप्सम हे खनिज सुमारे दीडशे अंश सेल्सिअसपर्यंत तापविले की त्यातील बरेचसे पाणी निघून जाते आणि प्लास्टर ऑफ पॅरिस तयार होते. त्यात पाणी कालवले की ते पुन्हा जिप्सम होऊन घट्ट बसते. म्हणजे आपण विसर्जित करतो तो वस्तुतः दगडच. लिटरभर पाण्यात तो जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतो. नदीने तरी काय करावे?

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर एक उपाय शोधला आणि २०१६ मध्ये पुणे महानगरपालिकेच्या साहाय्याने तो घरोघरी नेला. मूर्तीच्या वजनाइतके अमोनियम बायकार्बोनेट बादलीभर पाण्यात घालायचे, त्यात मूर्ती विसर्जित करायची, अधूनमधून ढवळायचे. हा बेकरीत वापरला जाणारा पदार्थ आहे. स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडा नव्हे. (ही गल्लत अनेकांनी केली, आमच्या घरीही झाली!) सुमारे अठ्ठेचाळीस तासांत घरगुती मूर्ती विरघळते. तळाशी कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूची पांढरी भुकटी बसते आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट हे खत उरते. कागदावरचा हिशेब मांडला, तर दहा किलो जिप्सममागे पावणेसहा किलोंच्या आसपास भुकटी आणि साडेसात किलोंहून थोडे अधिक खत. ते पाणी भरपूर पातळ करून झाडांना घालता येते.

यातील रसायन नवे नाही. १९५१ मध्ये सिंदरीचा खत कारखाना सुरू झाला, तो याच तत्त्वावर. राजस्थानातून आलेले जिप्सम, त्यावर अमोनिया व कर्बवायू यांची प्रक्रिया, आणि हाती येणारे अमोनियम सल्फेट. उरणारा चुनखडीचा गाळ शेजारच्या सिमेंट कारखान्याचा कच्चा माल झाला. एकाचे उच्छिष्ट ते दुसऱ्याचे अन्न, हा व्यवहार आपल्या अभियंत्यांनी तेव्हाच केला होता.

पण बादलीत सारेच विरघळत नाही. रंग उरतो, चमकी उरते, काथ्या उरतो. पॉल अनास्तास आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वे मांडली. त्यातील दहावे तत्त्व सांगते, की वस्तू घडवतानाच तिच्या विघटनाची योजना करा. आपण मात्र मूर्ती निवडताना तिचा डौल पाहतो, किंमत पाहतो. रंग कशाचा, हे विचारत नाही. पेणच्या मूर्तिकाराला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. त्याचे वर्षभराचे पोट या कामावर आहे आणि गिऱ्हाईक मागेल तेच तो घडवणार.

शाडूचेही तसेच. ती मातीही कोठून तरी खणूनच येते, पुष्कळशी गुजरातेतून. पुण्यात काही मंडळी विसर्जनानंतरची ती माती गोळा करून मूर्तिकारांना परत देतात. गेल्या वर्षी आमच्या बादलीतला गोळा मी तेथे नेऊन दिला. घेणाऱ्या मुलीने तो हातात दाबून पाहिला आणि विचारले, "काका, यात निर्माल्य नाही ना?"

होते. दोन दूर्वा आणि एक जास्वंद. ती तिने माझ्याकडूनच निवडून घेतली.