गटाची प्रश्नमंजूषा : गुण बॉट मोजेल, उत्तर आपण तपासावे

(शेतकरी गटप्रमुखांच्या प्रशिक्षणात दिलेले व्याख्यान)



शेतीशाळेत सांगितलेले किती जणांच्या लक्षात राहिले, हे पाहण्यासाठी प्रश्नमंजूषा हा चांगला मार्ग आहे. परंतु वीस-पंचवीस जणांच्या चिठ्ठ्या गोळा करणे, तपासणे आणि गुणांची बेरीज करणे यातच संध्याकाळ जाते. हे काम मोबाईलवरील 'बॉट' करू शकतो. बॉट म्हणजे गप्पांच्या गटात सामील करून घेतलेली संगणकाची आज्ञावली. ती माणसासारखीच गटात प्रश्न टाकते, उत्तरे घेते आणि गुण मांडते.

टेलिग्राम या ॲपवर बॉटची सोय २०१५ पासून आहे. जानेवारी २०२० मध्ये तेथे बरोबर उत्तर आधी ठरवून देता येणारे प्रश्न आले. त्यासाठी असलेल्या बॉटचे नाव 'क्विझबॉट'.

प्रश्नमंजूषा कशी तयार करावी?

क्विझबॉट उघडून नवीन प्रश्नमंजूषेचे बटण दाबावे. प्रथम नाव द्यावे, नंतर एकेक प्रश्न व त्याचे पर्याय मराठीत लिहून बरोबर पर्यायावर खूण करावी. प्रश्नाआधी किडीचे किंवा रोगट पानाचे छायाचित्रही देता येते. शेवटी प्रत्येक प्रश्नासाठी वेळ ठरवावा आणि प्रश्नमंजूषा गटात पाठवावी. किमान दोघांनी 'तयार' असल्याचे कळविले की बॉट सुरुवात करतो.

बरोबर उत्तरे सारखी असतील, तर कमी वेळ घेणारा वर जातो. म्हणून वेळ फार कमी ठेवू नये. दहा सेकंदांत मराठी प्रश्न वाचून होत नाही. मग अंदाजाने बोट लावणारा जिंकतो आणि विचार करणारा मागे पडतो. एक मिनिट ठेवणे बरे. बॉट पर्यायांचा क्रम बदलू शकतो; त्यामुळे 'वरीलपैकी सर्व' असा पर्याय देऊ नये. तो सर्वांत वर आला तर गोंधळ होतो.

प्रश्न कोणते असावेत?

ज्याचे उत्तर निश्चित आहे, तेच विचारावे. उदाहरणार्थ, बीजप्रक्रियेचा क्रम कोणता? आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि शेवटी जिवाणू संवर्धक. कीटकनाशकाच्या डब्यावरील कोणत्या रंगाचा त्रिकोण सर्वाधिक विषारी औषध दर्शवितो? लाल; त्याखालोखाल पिवळा, निळा व हिरवा. मात्र 'कपाशीला किती दिवसांनी पाणी द्यावे?' हा प्रश्न घेऊ नये. जमीन, पाऊस आणि पिकाची अवस्था पाहिल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही.

सर्वांत महत्त्वाची काळजी

क्विझबॉटला शेती कळत नाही. आपण ज्या पर्यायावर खूण केली, तोच तो बरोबर मानतो. घाईत हिरव्या त्रिकोणावर खूण झाली, तर लाल म्हणणाऱ्याचा गुण जाईल आणि हिरवा म्हणणारा पहिला येईल. चिठ्ठीवरची चूक तपासणाऱ्यापाशी थांबते. येथे ती एका क्षणात सर्वांच्या मोबाईलवर बरोबर म्हणून पोचते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले, हे विसरता येणार नाही. म्हणून औषध, मात्रा आणि सुरक्षितता यांवरील प्रत्येक उत्तर डब्यावरील लेबल व कृषी विद्यापीठाच्या शिफारशी यांच्याशी ताडून पाहावे. खुणा एकाने कराव्यात, दुसऱ्याने तपासाव्यात. मगच प्रश्नमंजूषा गटात पाठवावी.

निकालानंतर

पहिल्या क्रमांकाचे अभिनंदन जरूर करावे, पण तेथे थांबू नये. प्रत्येक प्रश्नाखाली कोणत्या पर्यायाला किती टक्के उत्तरे मिळाली, ते दिसते. निम्म्या गटाने जिवाणू संवर्धक आधी लावायचे म्हटले असेल, तर पुढच्या बैठकीचा विषय आपोआप ठरला. त्या दिवशी बियाणे समोर घेऊन प्रात्यक्षिक करावे. ज्यांचे उत्तर चुकले त्यांची नावे घेऊन हसू नये, नाहीतर पुढच्या वेळी ते गप्प बसतील आणि त्यांची अडचण कळणारच नाही. ज्याच्याकडे असा मोबाईल नाही, त्याला शेजारच्या सभासदाबरोबर जोडीने बसवावे.

सुरुवातीला पाचच प्रश्न घ्यावेत. येत्या पेरणीपूर्वी बीजप्रक्रियेवर एक प्रश्नमंजूषा घेऊन पाहावी. बेरजेचा वेळ वाचेल, तो चुकलेल्या उत्तरांवर बोलण्यात घालवावा.