शिरगणती आणि शिधापत्रिका



मुंबईत आता माणसे मावत नाहीत, हे वाक्य सुखवस्तू वर्गाच्या तोंडी नेहमी असते; त्याचा रोख बहुधा झोपडपट्टीकडे असतो. जनगणनेचे आकडे मात्र वेगळेच सांगतात. मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या जुन्या शहराची, लोकसंख्या २००१ साली ३३ लक्ष ३८ हजार होती. २०११ साली ती ३० लक्ष ८५ हजारांवर आली. दहा वर्षांत अडीच लक्ष माणसे कमी झाली! त्याच दशकात उपनगर जिल्ह्यात सात लक्षांची भर पडली, आणि ठाणे जिल्हा (पालघर तेव्हा त्यातच होते) ८१ लक्षांवरून १ कोटी १० लक्षांवर पोचला. देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा तो ठरला.

ठाण्यात वाढलेले सगळेच लोक मुंबईतून गेले, असे कोणी म्हणणार नाही. परंतु १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, त्यांच्या जमिनींवर मनोरे उठले आणि परळ-लालबागची खोली कामगाराच्या मुलाला परवडेनाशी झाली, हा क्रम नाकारता येत नाही. बिऱ्हाड दिवा, मुंब्रा, नालासोपाऱ्याला गेले; काम पुष्कळांचे मुंबईतच राहिले.

हा प्रश्न केवळ भूगोलाचा नाही, धान्याचा आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने नागरी भागातील पन्नास टक्क्यांपर्यंत लोकांना स्वस्त धान्याचा हक्क दिला. पन्नास टक्के कशाचे? २०११ च्या लोकसंख्येचे. त्या हिशेबाने देशाची मर्यादा ८१ कोटी ३५ लक्ष आणि महाराष्ट्राची सुमारे ७ कोटी ठरली. २०२१ ची गणना झालीच नाही. आधी महामारीचे कारण होते. पुढे कारण सांगण्याची तसदीही कोणी फारशी घेतली नाही. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही संख्या नव्याने ठरविण्यास सांगितले. सरकारचे म्हणणे, नवी जनगणना आल्यावाचून ते शक्य नाही. गणना लांबवायची सरकारनेच, आणि गणना नाही म्हणून शिधा नाकारायचा तोही सरकारनेच! राज्याची मर्यादा भरली की मुंब्र्यातील नव्या कुटुंबाला कोणाचे तरी नाव गळण्याची वाट पाहावी लागते.

आता गणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ ठरला आहे. जातींची नोंद या वेळी होणार असल्याने सारी चर्चा तिकडेच वळली आहे. ती नोंद आवश्यकच आहे. पण जात लिहिण्यापूर्वी माणूस यादीत आला पाहिजे. कारखान्याच्या पोटमाळ्यावर पाळीपाळीने झोपणारे मजूर, बांधकामावरील पत्र्याच्या खोल्यांतली कुटुंबे, पहाटे कुलूप लावून धुणीभांड्यांना जाणाऱ्या बायका, ही माणसे प्रगणकाला दिवसा सापडत नाहीत. २०११ साली बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत उरकली होती. प्रगणक बहुधा शाळामास्तर असतो. वस्तीच्या आतल्या गल्ल्या त्याला ठाऊक नसतात. त्या कार्यकर्त्यांना ठाऊक असतात. कोणत्या माळ्यावर किती जण राहतात आणि ते कोणत्या वेळी भेटतात, याची टिपणे प्रत्येक शाखेने आधीच करून ठेवावीत आणि वस्तीतील माणूस प्रगणकाबरोबर दारापर्यंत पाठवावा.