तुरटी किती घालायची?

पावसाळ्यात कन्हान नदीला लोंढा आला की पाणी काही तासांत चहासारखं गढूळ होतं. नागपूरच्या नळाला येणारं काही पाणी याच नदीचं. शुद्धीकरण केंद्रात तेव्हा प्रश्न एकच: तुरटी किती घालायची? प्रयोगशाळेत नमुने ढवळून मात्रा ठरेपर्यंत नदी पुन्हा बदललेली असते. गढूळपणा सतत मोजून मात्रा सुधारणारं यंत्र रात्री दोन वाजताही तितकंच जागं असतं.

सांडपाण्याचं गणित निराळं. २००८ साली महापालिका आणि महाजनको यांच्यात करार झाला आणि पुढे भांडेवाडीचं प्रक्रिया केलेलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जाऊ लागलं. पेंचचं तेवढं पाणी पिण्यासाठी वाचलं. अशा केंद्रांत घाण खाणाऱ्या जिवाणूंना हवा लागते आणि विजेचं मोठं बिल हवेच्या ब्लोअरचंच. पाण्यातला प्राणवायू मोजून ब्लोअरचा वेग आपोआप कमी-जास्त झाला, तर पहाटे सांडपाणी कमी असताना वीज फुकट जात नाही.

पण यंत्र आलं म्हणून माणसं कमी करा, हे मला पटत नाही. मोजणाऱ्या सेन्सरवर चिखल साचला की आकडा चुकतो, आणि चुकीच्या आकड्यावर तुरटीही आपोआप चुकते. तो सेन्सर पुसायला, नमुना हातानं पडताळायला रात्रपाळीत जाणता माणूस लागतोच.