घरबसल्या आयरिश: ऑडिओ कोर्स कसा निवडायचा?

मागच्या भागात मी सहज बोलून गेलो की सध्या आयरिश शिकतोय, आणि त्यावर एकच प्रश्न आला: धसईत बसून आयरिश? कशाला? तर आजचा भाग त्यावरच. कशाला, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कसं.

आधी कशाला ते सांगतो. माझी बहीण आयर्लंडमध्ये गॉलवेला राहते. भाची आठ वर्षांची आहे. तिथल्या प्राथमिक शाळेत आयरिश सक्तीचा विषय आहे. काही मुलांना सूट मिळते, पण हिला ती नाही. गृहपाठ आयरिशमध्ये येतो आणि घरात तो कोणालाच वाचता येत नाही. दुसरीकडे, आजी व्हिडिओ कॉलवर मराठीत विचारते आणि ही उत्तर देते इंग्रजीत. वर्षभरापूर्वी असं नव्हतं. म्हणून मी तिच्याशी सौदा केला: तू मामाला आयरिश वाक्य शिकवायचं, पण समजावून सांगायचं मराठीत. आता मामालाही थोडी तयारी हवी, नाहीतर तिला दोन दिवसांत कंटाळा येणार.

मुरबाड तालुक्यात आयरिशचा क्लास मिळणं शक्य नाही. ऑनलाइन शिक्षक आहेत, पण त्यांची संध्याकाळ म्हणजे आपली मध्यरात्र. राहिला ऑडिओ. आठवड्यातून दोनदा मला ऑफिसला जावं लागतं: धसईहून एसटीने मुरबाड, पुढे कल्याण. तेवढा वेळ कान मोकळे असतात.

पहिला मुद्दा: आवाज कुठला आहे ते बघा. आयरिशच्या मुख्य बोली तीन. दक्षिणेची मन्स्टर, पश्चिमेची कॉनॉट, उत्तरेची अल्स्टर. लिखाणासाठी १९५८ सालापासून सरकारी प्रमाण रूप आहे, पण बोलणं तीन तऱ्हांचंच राहिलं. 'कशी आहेस?' हे साधं वाक्य घ्या. मन्स्टरमध्ये साधारण 'कोनस ता तू', कॉनॉटमध्ये 'केन खी विल तू', अल्स्टरमध्ये 'गजे मर ता तू'. यातला 'तू' आपलाच बरं का, अर्थही तोच.

आता आपल्याकडे बघा. कुणबी, आगरी, ठाकूर, कातकरी, प्रत्येकाचं बोलणं वेगळं. पुण्याच्या रेकॉर्डिंगवरून मराठी शिकलेला माणूस धसईच्या बाजारात आला तर भाजी घेऊन जाईल, पण शेजारी चाललेल्या गप्पा त्याला पहिल्या दिवशी कळणार नाहीत. म्हणून तुम्हाला ज्या माणसाशी बोलायचंय त्याच्या कानावर पडणारी बोली निवडा. गॉलवे कॉनॉटमध्ये येतं, म्हणून माझी निवड कॉनॉट.

यात आणखी एक गोष्ट आहे. २०२२ च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ७४ हजार लोकांनी आयरिश बोलता येतं असं सांगितलं. पण शाळा-कॉलेजबाहेर ती रोज बोलणारे जेमतेम ७२ हजार. म्हणजे 'आयरिश येतं' म्हणणाऱ्या बहुतेकांनी ती वर्गात शिकलेली आहे. म्हणून कोर्स घेण्याआधी नमुन्याचा धडा ऐका, आणि बोलणारा ती भाषा घरात ऐकत वाढलेला आहे का ते शोधा.

दुसरा मुद्दा: कोर्स तुम्हाला बोलायला लावतो की नुसतं ऐकवतो? पिम्सलरच्या पद्धतीत प्रश्न येतो, मग शांतता, त्या शांततेत तुम्ही उत्तर द्यायचं. तोच शब्द थोड्या वेळाने पुन्हा विचारतात, मग आणखी जास्त वेळाने. पॉल पिम्सलर यांनी ही वाढत्या अंतराची कल्पना १९६७ मध्ये मांडली होती. मिशेल थॉमस पद्धतीत शिक्षकासोबत दोन विद्यार्थी असतात आणि तिसरे तुम्ही. याउलट 'बुंतूस काँत्य' हा १९६७ चा जुना कोर्स: तीन छोटी पुस्तकं, प्रत्येक धड्यात मोजकी रोजची वाक्यं, सोबत ऑडिओ. यात शांतता तुम्हालाच तयार करावी लागते, म्हणजे दर वाक्यानंतर पॉज दाबायचा. आणि 'लर्निंग आयरिश', १९८० चं, लेखक मिहॉल ओ शील. हे पुस्तक गॉलवेजवळच्या कॉनमाराची बोली शिकवतं. सखोल आहे, पण एसटीत उभ्याने होण्यासारखं नाही, टेबलावर पेन घेऊन बसावं लागतं.

तिसरा मुद्दा आपल्या फायद्याचा. हे सगळे कोर्स इंग्रजीतून आहेत, पण तुम्ही मनात मराठी ठेवा. 'माझ्याकडे गाडी आहे' हे आयरिशमध्ये 'ता कार अगम'. शब्दशः, 'आहे गाडी माझ्याकडे'. क्रियापद आधी येतं, एवढाच फरक. इंग्रजीतला 'हॅव' तिथेही नाही आणि आपल्याकडेही नाही. भूक लागली तर 'ता ऑक्रस ओरम', म्हणजे भूक माझ्यावर आहे. आपल्यालाही भूक 'लागते'च.

उच्चारांचंही तसंच. आयरिशमध्ये बहुतेक व्यंजनांची दोन रूपं असतात आणि शेजारचा स्वर कोणतं ते ठरवतो. इंग्रजी बोलणाऱ्यांना हे अवघड वाटतं. आपण मात्र 'पैसा' म्हणतो आणि लगेच 'पैशाचा' म्हणतो. 'चमचा' मधला च वेगळा, 'चमचे' मधला वेगळा. आयरिशमध्येही ई-एच्या शेजारचा स बहुतेक वेळा श होतो. आयर्लंडच्या पंतप्रधानपदाचं नाव आहे 'तीशख', त्यातला श असाच. २०१७ मध्ये लिओ वराडकर त्या पदावर आले, ज्यांच्या वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड, तेव्हा हा शब्द आपल्या बातम्यांतही येऊन गेला.

चौथा मुद्दा: धडे डाउनलोड होतात का? वाटेत नेटवर्क गेलं की स्ट्रीमिंगवाला कोर्स तिथेच थांबतो. पैसे भरण्याआधी फोन एअरप्लेन मोडवर टाकून एक धडा चालवून बघा.

मग मी काय ठरवलं? एसटीसाठी प्रश्न-उत्तराचा एकच कोर्स. रविवारी सकाळी 'लर्निंग आयरिश'. शंका आली तर 'त्यांगलन' हा मोफत ऑनलाइन शब्दकोश. त्यात अनेक शब्दांचे तिन्ही बोलींतले उच्चार ऐकायला मिळतात. आणि रात्री जेवताना दहा मिनिटं रेडिओ ना गेलतख्ता. १९७२ पासून चालणारं हे आयरिश भाषेचं स्टेशन इंटरनेटवर फुकट आहे. निम्म्याहून जास्त कळत नाही, पण चाल कानात बसते. यापेक्षा जास्त काही घ्यायचं नाही असं ठरवलंय. आमचं गाव १ डिसेंबर २०१६ ला राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून पेपरात आलं होतं. स्वाइप मशीन एका दिवसात दुकानात आलं. सवय लागायला किती दिवस जातात ते गावाने बघितलंय. अॅपचंही तसंच आहे.

परवा मी एक वाक्य रेकॉर्ड करून गॉलवेला पाठवलं. उत्तरात अठरा सेकंदांचा व्हॉइस मेसेज आला: "मामा, असं नाही. जीभ वर लाव. परत म्हण." पूर्ण मराठीत. आजीने तो मेसेज चार वेळा ऐकला.

तुमच्या घरातलं मूल बाहेर कुठली भाषा शिकत असेल, जर्मन, जपानी, कन्नड, कुठलीही, तर तिचे पहिले तीन धडे तुम्हीही ऐका. आणि त्याला तुमची चूक दुरुस्त करायला लावा, मराठीतून. पुढच्या भागात भेटू.